बलेनोला १६ ऐवजी १५ इंची चाकं बसवायची तर टायर कोणत्या मापाचे घ्यावेत?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं : गाडीला कंपनीचे १६ इंची अलॉय, टायर १९५/५५ आर१६. विजापूर रोडला रोजचं जाणं-येणं, टायरला सारखे फुगे येतात, म्हणून १५ इंचीवर यायचंय. दुकानदार म्हणतो, 'हेच माप ठेवा, फक्त आर१५ मधलं घ्या.'

ते घेऊ नका. १८५/६५ आर१५ घ्या.

मापातला ५५ हा आकडा मिलिमीटरचा नसतो, रुंदीच्या टक्क्यांचा असतो. १९५ चे ५५ टक्के म्हणजे साधारण १०७ मिमी, ही साईडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, त्यात रिमचे १६ इंच म्हणजे ४०६ मिमी मिळवायचे. चाकाचा पूर्ण व्यास ६२१ मिमी येतो. गाडीचा स्पीडोमीटर, ओडोमीटर, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), सगळं या व्यासाच्या हिशेबाने चालतं. १८५/६५ आर१५ ची तशीच बेरीज केली तर ६२१.५ मिमी. म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा.

दुकानदाराच्या १९५/५५ आर१५ चा व्यास भरतो ५९५.५. गाडी जवळपास १३ मिमी खाली बसणार, आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता एवढेही पुरेसे आहेत पोट घासायला. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी ९६ च्या आसपास असेल. ॲव्हरेज मात्र वाढल्यासारखं वाटेल, कारण मीटर चार टक्के जास्त किलोमीटर मोजेल! शिवाय साईडवॉल तेवढीच बुटकी राहिली, तर खर्च कशासाठी केला?

फुगा येतो त्याचं मूळ या साईडवॉलमध्येच आहे. उसाच्या सीझनला समोरून ट्रॉल्या आल्या की आपण बाजू देतो, चाक डांबराच्या तुटक्या कडेवरून खाली उतरतं आणि वर घेताना कडेवर आपटतं. त्या क्षणी रबर रिमची धार आणि डांबराची कड यांच्यात चिमटतं, आतले दोरे तुटतात आणि तेवढ्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. १८५/६५ ची साईडवॉल १२० मिमी आहे, १३ मिमी जास्त. चिमटा बसायच्या आधी टायरला दबायला तेवढी जागा मिळते. वळणावर गाडी किंचित मऊ वाटेल, पण हॅचबॅकला तेवढं चालतं. आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, कोणी पॅच मारून देतो म्हणाला तरी स्टेपनीला सुद्धा ठेवू नका.

१८५/६५ आर१५ हे मारुतीने बलेनोच्याच खालच्या व्हेरियंटला दिलेलं माप आहे, म्हणून इन्शुरन्सवाल्यांशी वाद घालायची वेळ येऊ नये. टायरवर मापानंतर ८८ आकडा बघा, एका टायरला ५६० किलोचा भार. तुमच्या आत्ताच्या टायरवर बहुधा ८७ असेल, म्हणजे ५४५ किलो. त्याच्या खाली जायचं नाही. स्विफ्टचं १६५/८० आर१४ व्यासाला जुळतं (६१९.६), स्वस्तही पडतं, पण त्यावर साधारण ८५ असतो आणि टायर अरुंद. त्या वाटेला जाऊ नका.

रिम जुनी घेणार असाल तर जपून. चार भोकं दिसली म्हणजे बसलीच असं नसतं. ४×१०० पीसीडी (नटांची चार भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास १०० मिमी), मधलं भोक ५४.१ मिमी, रुंदी साडेपाच ते सहा इंच, आणि ऑफसेट (रिम गाडीला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते अंतर) खालच्या व्हेरियंटच्या कंपनी रिमइतका. टायर चढवायच्या आधी नुसती रिम पुढच्या चाकाला लावून हाताने फिरवा, ब्रेकच्या कॅलिपरला कुठे लागत नाही ना ते बघा. टायर चढवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आतून घासतंय का तेही पाहून घ्या. नट रिमला जुळणारेच हवेत, बसायची जागा तिरपी की गोल ते बघून.

हवा नव्या मापाची भरा, जुन्याची नाही. दारावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळेल. सकाळी गाडी थंड असताना तपासा. मे महिन्यात दुपारी पंपावर काटा चढलेला दिसला म्हणून हवा सोडायची नाही. बॅलन्सिंग, अलाईनमेंट करून घ्याच, आणि पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर नट परत एकदा पान्याने तपासा.