करारनामा आधी, ओपन जिम नंतर

धुळ्याच्या देवपुरात आपल्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर फिरणाऱ्यांचे मंडळ, एक सेवाभावी क्लब आणि महानगरपालिका मिळून चालण्याचा ट्रॅक व ओपन जिम करणार आहेत, आणि ‘काम सुरू करा, करारनाम्याचे मागाहून पाहू’ असे आपल्याला सांगण्यात आले आहे, हे आपल्या पत्रात वाचून मला जळगावातील आमची बाग आठवली. आम्हालाही हेच वाक्य ऐकवले गेले होते.

संस्थेची नोंदणी, ठराव, बँक खाते ही कामे झालेली असतीलच, त्यामुळे त्यांवर लिहीत नाही.

आमच्या बागेच्या वेळी क्लबने व्यायामाच्या यंत्रांचे पैसे द्यायचे, मंडळाने रोजची देखरेख करायची आणि पाणी, वीज, दुरुस्ती पालिकेने पाहायची, असे एका बैठकीत ठरले. ठरले म्हणजे बोलले गेले. इतिवृत्तात ‘सकारात्मक चर्चा झाली’ एवढेच होते. दुसऱ्या उन्हाळ्यात एअर वॉकरचे (उभ्याने पाय पुढेमागे झुलवण्याच्या यंत्राचे) बेअरिंग गेले. डावा पाय पुढे टाकला की करकरत सगळा दांडा एका बाजूला झुके, म्हणून कोणीतरी तो नायलॉनच्या दोरीने खांबाला बांधून टाकला. दुरुस्तीचा अर्ज घेऊन गेलो, तेव्हा संबंधित कार्यालयाने (नाव लिहीत नाही) सांगितले की ही यंत्रे डेडस्टॉक रजिस्टरला (पालिकेच्या मालकीच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नाहीत, त्यामुळे त्यांवर खर्च टाकता येत नाही. मग वर्गणीतून आम्हीच दुरुस्त करतो म्हटले, तर पालिकेच्या जागेतील वस्तूला परवानगीशिवाय हात लावू नये, असे त्याच टेबलावरून उत्तर आले! शब्द देणाऱ्या अधिकाऱ्यांची तोवर बदली झाली होती. ती दोरी अकरा महिने तशीच होती.

मी वकील नाही, तेव्हा मसुदा जाणकाराला दाखवाच. पण माझे मत ठाम आहे: यंत्रे कोणत्या तारखेला पालिकेकडे सोपवली, त्यांची रजिस्टरला नोंद कोण घेणार, बिघाड कळवल्यापासून किती दिवसांत दुरुस्ती होणार आणि ती न झाल्यास मंडळाला ती करण्याची मुभा राहील, हे सारे कागदावर आल्याशिवाय एक खड्डाही खणू नये. करार देखभालीपुरताच ठेवावा. जागा भाडेपट्ट्याने मागितली की महानगरपालिका अधिनियमाचे कलम ७९ (पालिकेची मालमत्ता विकण्या-भाड्याने देण्याच्या अटींचे) आडवे येते आणि फाइल लांबते. एखाद्या कंपनीचा सीएसआर निधी (कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्चायचा पैसा) घेणार असाल, तर १ एप्रिल २०२१ पासून संस्थेला सीएसआर-१ या सरकारी अर्जाने नोंदणी करावी लागते, हेही पाहून ठेवावे.

ट्रॅकविषयी थोडे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेले पेव्हर ब्लॉक आमच्याकडे दोन वर्षांत वरखाली झाले आणि वयस्कर मंडळी ठेचकाळू लागली. माती काढून मुरमाची भर नीट दाबून घेतली, तर चालायला तीच बरी, असे मला वाटते. इंजिनिअर वेगळे सांगतील, तर त्यांचे ऐकावे.

खर्चाआधी आठवडाभर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी माणसे मोजावीत: किती बसलेली, किती चालणारी, त्यांत स्त्रिया किती. आम्ही हे फार उशिरा केले, तेव्हा संध्याकाळी सातनंतर एकही स्त्री येत नाही असे दिसले. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की पहाट आणि रात्र एवढ्याच वेळा व्यायामाला उरतात, आणि आमच्या ट्रॅकवरचे दिवे तर बिल कोणी भरायचे या वादात बंद होते. दिव्यांचे मीटर कोणाच्या नावावर राहणार, तेही करारनाम्यात लिहून घ्यावे.