हलणारा शॉट स्थिर करताना : वाचकांचे प्रश्न

आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये हलणारा शॉट स्थिर करणारा 'वार्प स्टॅबिलायझर' हा इफेक्ट २०११ साली आला, परंतु त्याविषयीचे गैरसमज आजही त्याच शब्दांत माझ्याकडे येत असतात. लग्नाचे आणि उत्सवांचे चित्रीकरण करणाऱ्यांकडून वारंवार आलेले प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : इफेक्ट टाकल्यावर फ्रेमवर आधी निळी आणि मग नारिंगी पट्टी दिसते. सॉफ्टवेअर बिघडले आहे का?

नाही, निळी पट्टी म्हणजे विश्लेषण चालू आहे, नारिंगी म्हणजे स्थिरीकरण चालू आहे, आणि दोन्ही संपेपर्यंत थांबावे.

प्रश्न : प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपचा आकार सीक्वेन्सशी (क्लिप मांडलेल्या टाइमलाइनशी) जुळत नाही, असा संदेश येतो. स्लो केलेल्या क्लिपवरही इफेक्ट चालत नाही.

दोन्ही वेळी क्लिप नेस्ट करावी, म्हणजे तिला एका आतल्या सीक्वेन्समध्ये गुंडाळावे, आणि इफेक्ट नेस्टवर लावावा.

प्रश्न : स्मूदनेस (हालचाल किती गुळगुळीत करायची ते ठरवणारा आकडा) १०० टक्के ठेवला की शॉट गिंबलवर, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रावर, घेतल्यासारखा होतो, असे ऐकले होते. माझ्या शॉटमध्ये मात्र मागची इमारत जेलीसारखी हलते.

ऐकीव आकडे वापरू नयेत. स्मूदनेस मुळात ५० टक्के असतो. तो वाढवला की चित्र अधिक सरकवावे लागते, कडा अधिक कापल्या जातात आणि ती जागा भरण्यासाठी फ्रेम मोठी करावी लागल्याने चित्राचा कसही उतरतो. जेलीचे कारण बहुधा 'सबस्पेस वार्प' ही पद्धत असते, कारण ती फ्रेमचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या प्रमाणात वाकवते. तिच्याऐवजी 'पोझिशन, स्केल, रोटेशन' निवडून पाहावे. तरीही इमारत लवत असेल, तर दोष रोलिंग शटरचा आहे : बहुतेक कॅमेऱ्यांचे सेन्सर फ्रेम एकदम न वाचता ओळीमागून ओळ वाचतात, त्यामुळे वाचन चालू असतानाच कॅमेरा हलला की सरळ भिंत तिरकी उमटते. त्यासाठी 'रोलिंग शटर रिपल'मध्ये 'एन्हान्स्ड रिडक्शन' आहे. दुचाकीच्या हँडलला फोन लावून घेतलेल्या शॉटची कंपने मात्र यानेही पुष्कळदा जात नाहीत; ग्राहकाला शब्द देण्यापूर्वी असा शॉट अनुभवी कंपोझिटरला (चित्राचे थर जुळवणाऱ्या कारागिराला) दाखवावा.

प्रश्न : दिंडीचा शॉट स्थिर केला, तर वारकरी जागच्या जागी राहतात आणि देवळाचे शिखरच मागे सरकते.

सॉफ्टवेअरला वारकरी आणि शिखर यांतला फरक कळत नाही. हालचाल मोजण्यासाठी ते चित्रातल्या ठळक ठिकाणी ठिपके ठेवते; ज्या बाजूला ठिपके अधिक, तीच बाजू ते स्थिर मानते, आणि टोप्या, पताका, तुळशीवृंदावने यांवर ठिपके भरपूर मिळतात. 'शो ट्रॅक पॉइंट्स' चालू करून माणसांवरचे ठिपके निवडून पुसावेत आणि शिखर, खांब, भिंत यांवरचे राखावेत. संपूर्ण फ्रेम गर्दीनेच भरलेली असेल, तर वार्प स्टॅबिलायझरचा नाद सोडून ट्रॅकर पॅनेलमधील 'स्टॅबिलाइज मोशन' एखाद्या ठळक, अचल वस्तूवर लावावे. अशी एकही वस्तू दिसत नसेल, तर शॉट जाणकाराकडे न्यावा.

प्रश्न : मंगल कार्यालयातला शॉट स्थिर तर झाला, पण चित्र मध्येच धूसर होते आणि पुन्हा स्पष्ट होते. कोणते सेटिंग बदलू?

या प्रश्नाची मला खरी काळजी वाटते, कारण त्याचे उत्तर सेटिंगमध्ये नाही. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणात शटर १/५० ठेवले, तर प्रत्येक फ्रेम १/५० सेकंद उघडी राहते आणि तेवढ्या वेळात हाताला बसलेला हिसका त्या फ्रेममध्ये धूसर रेघ म्हणून कायमचा उमटतो. स्टॅबिलायझर फ्रेम उचलून योग्य जागी ठेवतो. तिच्यात उमटलेली रेघ तो पुसत नाही. शॉट हलत असताना ही रेघ डोळ्याला खटकत नाही, कारण तिचे कारण समोर दिसत असते. हालचाल काढली की कारण नाहीसे होते आणि वधूच्या मुंडावळ्या काहीच न हलता अधूनमधून फिसकटतात. कमी उजेडात फोन आपण होऊन शटर आणखी मंद करतो, म्हणून संध्याकाळच्या स्वागत समारंभात हा दोष सर्वाधिक दिसतो. 'एडिटिंगमध्ये बघू' या सवयीने किती चांगले शॉट वाया जातात, हे मी रोज पाहतो आणि मला त्याचे वाईट वाटते.

शॉट पुढे स्थिर करायचा आहे हे ठाऊक असेल, तर शटर हाताने १/१०० वर बांधावे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने १/१०० वर दिव्यांची फडफड येत नाही. १/२०० वर ती येऊ शकते. उजेड कमी पडला तर दिवे वाढवावेत, शटर मंद करू नये. आता हाती असलेल्या शॉटसाठी एवढेच करता येईल : स्मूदनेस १० ते १५ टक्क्यांवर आणून थोडी हालचाल राहू द्यावी, किंवा स्पष्ट फ्रेमही किंचित मऊ करून फरक झाकावा. पुढच्या लग्नाआधी त्याच कार्यालयात, त्याच दिव्यांत एक चाचणी शॉट घ्यावा आणि तो एडिटरकडून तपासून घ्यावा.

प्रश्न : 'एका क्लिकमध्ये गिंबल' असा प्रीसेट संच विकत घेऊ का?

घेऊ नका. प्रीसेट म्हणजे याच इफेक्टचे आधीच भरून ठेवलेले आकडे. ते तुमचा शॉट न पाहता ठरवलेले असतात, आणि ते विकणाऱ्यांनी तसे स्पष्ट सांगायला हवे. कॅमेरा जायरोची (स्वतःचे हलणे मोजणाऱ्या सेन्सरची) माहिती नोंदवत असेल, तर जायरोफ्लो हे सॉफ्टवेअर मोफत आहे. मात्र कॅमेऱ्यातले इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण चित्रीकरणाच्या वेळीच बंद हवे.

प्रश्न : शॉटमधल्या पाटीवर नवे नाव बसवले, ट्रॅकिंग (नाव पाटीच्या हालचालीला जोडणे) झाले, रंग झाले. शेवटी शॉट स्थिर केला, तर नाव पाटीवरून घसरते.

स्थिरीकरण शेवटी करायचे नसते. आधी मूळ शॉट स्थिर करून तो प्रीकंपोझ करावा (वेगळ्या कंपोझिशनमध्ये बंद करावा), मग त्यावर ट्रॅकिंग आणि इतर काम करावे. मूळचे हलणे कायम ठेवायचे असेल, तर 'रिव्हर्सिबल स्टॅबिलायझेशन'ने शॉट तात्पुरता स्थिर करून, नाव बसवून, तेच हलणे परत लावता येते. तुमच्या फाइलमध्ये कोणता इफेक्ट कोणत्या लेअरवर आहे हे पाहिल्याशिवाय काय वाचेल ते सांगणे धोक्याचे आहे. तेव्हा मूळ फुटेज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता, संपूर्ण प्रोजेक्टसह हार्ड डिस्कवर कंपोझिटरकडे द्यावे, आणि तोवर कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.