आधी मुखिका समजून घ्या, मग रीड बदला

क्लॅरिनेटमधून स्वर फुटत नाही म्हणून लगेच दुसरी रीड (थरथरून आवाज काढणारी पातळ पट्टी) घ्यायला धावू नका. रीड कशी बोलणार हे बरंचसं मुखिका, म्हणजे तोंडात धरायचा माउथपीस ठरवतो.

रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांत एक फट असते, साधारण 1 ते 1.2 मिलिमीटर. फट मोठी असेल तर रीडला जास्त वाकावं लागतं, म्हणून नरम रीड लागते. फट लहान असेल तर थोडी कडक रीडही सहज चालते. सुरुवातीला मध्यम फटीचा माउथपीस आणि 2 किंवा 2.5 नंबरची रीड घ्या. नंबर म्हणजे रीडचा कडकपणा, इयत्ता नव्हे, तो वाढवायची घाई अजिबात नको.

दुसरी गोष्ट, माउथपीसचा उतार, म्हणजे टोकाकडे रीडपासून दूर होत जाणारा त्याचा भाग. रीड लावून तिच्या आणि माउथपीसच्या मध्ये पातळ कागद अलगद सरकवा. तो जिथे अडकतो, तिथेच खालचा ओठ टेकवायचा. टोकाजवळ धरलंत तर आवाज कोंडतो, फार आत घेतलात तर किंचाळतो.

नेहमी होणाऱ्या चुका:
- कोरडी रीड लावणं.
- रीड तिरकी बसवणं. समोरून पाहिल्यावर टोकाशी माउथपीसची केसाएवढी काळी कड दिसली पाहिजे.
- आवाज येईना म्हणून दातांनी आवळणं. यात फट मिटते आणि रीड थरथरतच नाही. माझ्या मते सगळ्यात नडते ती हीच सवय.

आतल्या पोकळीचे आकार वगैरे सध्या बाजूला ठेवा. महिनाभर एकच माउथपीस, एकाच नंबरच्या तीन-चार रीड आलटून पालटून वाजवा. जमेल तुम्हाला!