वाचकांचे प्रश्न : नळीत शिसं का चिकटतं?

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. जुन्या .303 ली-एनफिल्ड रायफलमध्ये घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या वापरतो. माप 0.312 इंच. दहा-बारा बारांतच नळीत शिसं चिकटतं, नेम विखुरतो. मिश्रधातू आणखी कडक करू का?

उत्तर : नको. आधी नळी मोजा. या नळ्यांच्या आतल्या पीळदार खाचांची मापं बरीच कमीजास्त निघतात. गोळी सैल बसली की कडेनं निसटणारा गरम वायू शिसं वितळवून नळीला लिंपतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, तेल लावलेला शुद्ध शिशाचा तुकडा नळीतून ठोकत पार करा, म्हणजे त्यावर खाचांचा ठसा उमटेल. बहुतेक नळ्यांना पाच खाचा, म्हणजे खाचेसमोर कंगोरा (दोन खाचांमधला उंचवटा) येतो आणि मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. तुकड्याभोवती 0.001 इंच जाडीची पितळी पट्टी घट्ट गुंडाळून मोजा, दोन्ही बाजूंच्या पट्टीचे 0.002 वजा करा. गोळी त्याहून 0.001 ते 0.002 इंच मोठी हवी, अनेकदा 0.314 लागते. मात्र अशा काडतुसाची मान (गोळी धरणारं तोंड) चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या काडतुसाच्या घरात, मोकळी बसायला हवी.

दुसरा चोर म्हणजे पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाची, मान. जॅकेटवाल्या (तांब्याचं कवच असलेल्या) गोळीसाठीचा डाय, म्हणजे पुंगळी मापात आणणारा साचा, ती इतकी आवळतो, की मऊ गोळी बसवतानाच दबते. एक गोळी उपसून पुन्हा मोजा. दबली असेल तर मोठा एक्स्पांडर (मान रुंद करणारा दांडा) घ्या.