जीवाणूंची ‘वाढ’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आहे: “वडिलांच्या तपासणीच्या अहवालात ‘जीवाणूंची वाढ नाही’ असे लिहिले होते. आम्ही समजलो, जीवाणू आहेत पण वाढलेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, जीवाणू सापडलेच नाहीत. मग ‘वाढ’ हा शब्द इथे चुकीचा नाही का? जीवाणू मुलांसारखे मोठे होत नाहीत, त्यांची संख्या वाढते. त्याऐवजी ‘वृद्धी’, ‘गुणन’ किंवा ‘प्रजनन’ म्हणावे का? शिवाय जंतू, जीवाणू, विषाणू यांत शब्द म्हणून काय फरक?”

आधी निकाल सांगते: ‘वाढ’ हा शब्द बरोबर आहे, अहवालातले वाक्य फसवे आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना या एका शब्दापाशी मी फार रेंगाळले होते, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

मराठीत ‘वाढणे’ आकाराला लागते, संख्येला लागते आणि जोरालाही लागते. मुलगा वाढला, गर्दी वाढली, ताप वाढला. संस्कृत ‘वृध्’ धातूपासून प्राकृतातल्या ‘वड्ढ’मार्गे आलेले हे क्रियापद इतके पसरट आहे की ‘जीवाणू वाढले’ म्हटल्यावर ते लांबीने वाढले की संख्येने, हे त्यातून कळत नाही. ‘वृद्धी’ त्याच धातूची. ती वापरल्याने वाक्य भारदस्त होईल, पण संदिग्धता जागच्या जागी राहील.

या शब्दाला मराठीने आणखी एक अर्थ दिला आहे. बांगडी फुटली तर ‘फुटली’ म्हणायचे नाही, ‘वाढली’ म्हणायचे. अशुभ उच्चार टाळण्यासाठी फुटण्याला वाढण्याचे नाव दिले. बांगडीच्या बाबतीत हा नुसता शब्दांचा आडपडदा आहे. जीवाणूच्या बाबतीत मात्र तो अक्षरशः खरा आहे. जीवाणू दुभंगतो आणि त्यालाच त्याची वाढ म्हणतात. हे जुळणे योगायोगाचे आहे हे मला ठाऊक आहे, तरी ते लक्षात आले तेव्हापासून मला ‘वाढ’ या शब्दाला धक्का लावावासा वाटलेला नाही.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जीवाणू घ्या. 1885 मध्ये बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी त्याचे वर्णन केले, नावातला ‘ई’ त्यांच्याच आडनावाचा. हा आखूड दांड्यासारखा असतो, लांबी साधारण 2 मायक्रोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर असे पाचशे एकामागे एक मावतील. अन्न मिळाले की हा दांडा लांब होऊ लागतो. जाडी फारशी बदलत नाही, लांबी बदलते. आत डीएनएची दुसरी प्रत तयार होते. लांबी जवळजवळ दुप्पट झाली की बरोबर मध्यावर आतल्या बाजूने प्रथिनांचे एक कडे बसते, ते आवळत जाते, त्यासरशी भिंत आत वळते आणि एकाचे दोन होतात. भरपूर अन्न आणि 37 अंश सेल्सिअस तापमान असेल तर हे सगळे सुमारे 20 मिनिटांत उरकते.

म्हणजे ‘जीवाणू मोठे होत नाहीत’ हे अर्धेच खरे आहे. प्रत्येक जीवाणू दुभंगण्याआधी दुप्पट होतो. तसे झाले नसते तर दर पिढीला तो निम्मा होत गेला असता आणि दहाव्या पिढीला मूळच्या हजाराव्या हिश्शाएवढाही उरला नसता. आकाराची वाढ आणि संख्येची वाढ इथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

‘प्रजनन’ या शब्दाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात तो चालतो, ‘अलैंगिक प्रजनन’ असे म्हटलेही जाते. पण त्यातल्या ‘जन्’ धातूमुळे डोळ्यांपुढे जन्म देणारा आणि जन्मलेला असे दोघे उभे राहतात. इथे आई कोणती आणि लेक कोणती? जुना जीवाणू मागे उरत नाही आणि मरतही नाही, तो दोन्हींत वाटला जातो. ‘एकाचे दोन होणे’ ही साधी मराठी शब्दरचना मला इथे सगळ्यांत नेमकी वाटते. शास्त्रीय नाव हवे तर ‘द्विविभाजन’ आहेच.

एकाचे दोन होतात, ही गोष्टही लोकांनी सहजासहजी मानली नव्हती. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे कापडाचे व्यापारी अंतोनी फान लेवेनहूक यांनी स्वतः घासलेल्या एका भिंगातून पाण्यातले जीव पाहिले आणि 1676 च्या ऑक्टोबरात लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यांचे सविस्तर पत्र लिहिले. त्यांना लॅटिन येत नव्हते, डच येत होती. या जीवांना त्यांनी ‘छोटे प्राणी’ अशा अर्थाचा डच शब्द वापरला, तोही लाडक्या लघुत्वदर्शक प्रत्ययासह. मराठीत मी त्याला ‘इवलाले जीव’ म्हणेन. हे जीव वाढतात कसे, याचा उलगडा व्हायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. जिनिव्हाचे ओरास बेनेदिक्त द सोस्यूर यांनी असे जीव दुभंगताना पाहिले. (भाषाप्रेमींना हे आडनाव ओळखीचे वाटेल: भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर हे त्यांचे पणतू.) त्यावर इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन एलिस यांनी आक्षेप घेतला की हे जीव एकमेकांवर आदळून तुटतात, ती काही त्यांची वाढ नव्हे.

या वादाला इटलीचे लाझारो स्पालान्झानी यांनी जे उत्तर दिले ते मला फार आवडते. त्यांनी काचेवर जीवांनी भरलेला एक थेंब ठेवला, शेजारी स्वच्छ पाण्याचा एक, आणि दोन्हींच्या मध्ये पाण्याची बारीक वाट ओढली. एकच जीव पलीकडे पोहला की ती वाट पुसून टाकायची. आता त्या थेंबात तो एकटा, आदळायला दुसरे कोणी नाही. मग भिंगाला डोळा लावून बसायचे. तो मध्ये बारीक झाला आणि त्याचे दोन झाले. हे जीव जीवाणूंपेक्षा बरेच मोठे, निराळ्या जातीचे एकपेशीय होते. पण तुटणे हा अपघात नव्हे, तीच वाढ आहे, हे त्या थेंबात ठरले.

आता एका जीवाणूवरून लाखोंवर येऊ, कारण प्रयोगशाळेत ‘ग्रोथ’ म्हणतात तेव्हा बोलणे एकट्यादुकट्याबद्दल नसते, सगळ्या समूहाबद्दल असते. पोषक द्रव भरलेल्या नळीत थोडे जीवाणू सोडले की सुरुवातीला काही होताना दिसत नाही. याला ‘लॅग फेज’ म्हणतात. पाठ्यपुस्तकात ‘विलंब अवस्था’ असते, पण त्यातून जीवाणू आळस करत असल्यासारखे वाटते. वास्तविक ते नव्या अन्नाला लागणारी विकरे (एन्झाइम) बनवत असतात, भराभर प्रथिने तयार करत असतात. नव्या जागी माणसाचा ‘जम बसतो’ तसा त्यांचा जम बसत असतो. मला ‘जम बसण्याचा काळ’ हेच नाव योग्य वाटते.

विद्यार्थिदशेत मी अशी एक नळी दिवसभर सांभाळली होती. दर अर्ध्या तासाला दोन मोजमापे घ्यायची: द्रव किती गढूळ झाला ते उपकरणावर पाहायचे, आणि थेंबभर द्रव पातळ करून पोषक माध्यमाच्या प्लेटवर पसरायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी वसाहती (एकेका जीवाणूपासून झालेले ठिपके) मोजून जिवंत जीवाणूंचा आकडा कळे. दुसऱ्या दिवशी दोन्ही रकाने शेजारी मांडले तर गढूळपणा आधी चढू लागला होता आणि आकडा अजून होता तिथेच होता. मला वाटले, मोजण्यात चूक झाली. चूक नव्हती. जम बसण्याच्या काळात जीवाणू आकाराने फुगतात, वस्तुमान वाढते, दुभंगणे मागाहून सुरू होते. तुम्ही विचारलेला ‘वाढ की गुणन’ हा प्रश्न त्या दोन रकान्यांत आकड्यांनी लिहिलेला होता. ‘वाढ’ला सरसकट ‘गुणन’ म्हटले तर हा फरक सांगायला शब्दच उरत नाही.

त्यानंतर येतो तो ‘लॉग फेज’. हे ‘लॉग’ म्हणजे लॉगरिदम. दर पायरीला आकडा ठरावीक पटीने वाढतो अशा पट्टीवर मांडले की आलेख सरळ रेषेत चढतो, म्हणून हे नाव. मराठीत ‘घातांकी अवस्था’ म्हणतात. गणित येणाऱ्याला ते कळते, इतरांना ‘घात’ तेवढा ऐकू येतो. आपल्याकडे इथे एक तयार क्रियापद आहे: दुणावणे. दुःख दुणावते, उत्साह दुणावतो, तेव्हा ते दुप्पट झाले की नाही हे कोणी मोजायला जात नाही. जीवाणू मात्र मोजून दुणावतात. दर 20 मिनिटांना एकदा म्हटले तर एका तासात एकाचे 8, दोन तासांत 64, पाच तासांत 32,768 आणि दहा तासांत 107 कोटींहून अधिक. पूर्ण दिवस हेच चालले तर 72 वेळा दुप्पट होऊन वजन हजारो टनांत जाईल. तसे होत नाही, कारण अन्न संपते आणि टाकाऊ द्रव्ये साचतात. मग संख्या थबकते, ती ‘स्थिर अवस्था’, आणि नंतर ओसरू लागते. फ्रान्सचे जाक मोनो यांनी 1942 च्या आपल्या प्रबंधात जीवाणूंच्या याच वाढीचा काटेकोर अभ्यास मांडला. वाढीचा वेग अन्नाच्या प्रमाणावर कसा अवलंबून असतो याचे त्यांचे सूत्र आजही शिकवले जाते.

सगळे जीवाणू इतके घाईचे नसतात, हेही लक्षात ठेवायला हवे. क्षयाच्या जीवाणूला दुप्पट व्हायला साधारण 15 ते 20 तास लागतात. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जीवाणू सापडल्याचे जाहीर केले. त्यांच्या नळ्यांत हे जीवाणू डोळ्यांना दिसण्याजोगे व्हायला दुसरा आठवडा उजाडत असे. आधीच नळ्या टाकून दिल्या असत्या तर ‘वाढ नाही’ अशीच नोंद झाली असती.

आणि इथे तुमच्या वडिलांचा अहवाल येतो. इंग्रजी अहवालात ‘नो ग्रोथ’ असते. त्याचा अर्थ: नमुना पोषक माध्यमावर पसरला, ठरावीक तास उबेत ठेवला, आणि त्यावर काही उगवले नाही. ‘वाढ नाही’ या शब्दशः भाषांतरात हे उगवणे हरवले. मराठीत ‘वाढ’ म्हटले की आधी काहीतरी असावे लागते, ‘उगवणे’ म्हटले की नव्हते तिथे दिसू लागते. तुमचा गैरसमज अगदी स्वाभाविक होता.

‘उगवणे’ मी ओढूनताणून आणत नाही, या शास्त्राची भाषा मुळातच शेतीबागेची आहे. ‘कल्चर’ म्हणजे लॅटिनमध्ये जमिनीची मशागत. ‘इनॉक्युलेट’ करणे, म्हणजे माध्यमात जीवाणू सोडणे, या शब्दात लॅटिन ‘ऑक्युलस’, म्हणजे डोळा, आहे. झाडाच्या सालीत दुसऱ्या झाडाचा अंकुर बसवणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि आपले माळी त्याच कामाला ‘डोळा भरणे’ म्हणतात! दोन भाषांना अंकुरात डोळाच दिसला. या शेताची जमीनही सहज मिळालेली नाही. कॉख आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर आणि जिलेटिनवर जीवाणू वाढवत. जिलेटिन 37 अंशांना वितळे. त्यांच्या सहकाऱ्याच्या पत्नी फॅनी हेस यांनी समुद्री शेवाळापासून मिळणारे अगर सुचवले, ते या तापमानाला घट्ट राहते. ‘अगर’ हा मलय भाषेतला शब्द. 1887 मध्ये रिशार्ड पेट्री यांनी झाकणाची चपटी बशी आणली आणि शेताला बांध मिळाला.

आता जंतू, जीवाणू, विषाणू. ‘जंतू’ त्याच ‘जन्’ धातूचा, मूळ अर्थ नुसता ‘जन्मलेला’, प्राणी. ‘जीवजंतू’ या जोडीत तो टिकून आहे. आज बोलताना जंतू म्हणजे रोग करणारे काहीही सूक्ष्म. तो व्यवहारातला शब्द आहे, शास्त्रातल्या कुठल्या एका गटाचे नाव नाही. ‘जीवाणू’ म्हणजे जीव + अणु, इथे अणु हा पदार्थाचा नव्हे, ‘अणुमात्र’ मधला. गंमत अशी की ‘सूक्ष्मजीव’ आणि ‘जीवाणू’ यांचा शब्दार्थ एकच, तरी वापराने वाटणी केली: सूक्ष्मजीव सगळे मिळून, जीवाणू म्हणजे फक्त बॅक्टेरिया. ‘बॅक्टेरियम’ हे नाव जर्मन निसर्गअभ्यासक एरेनबर्ग यांनी 1828 मध्ये दिले, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ छोटी काठी. (‘जिवाणू’ही बरेच जण लिहितात. घडण संस्कृत असल्याने मी ‘जीवाणू’ लिहिते.) ‘विषाणू’ मात्र अर्थाला धरून आहे, कारण ‘व्हायरस’ म्हणजे लॅटिनमध्ये विषच.

तुम्ही सुचवलेले ‘गुणन’ इथे कामाला येते. विषाणू लांब होत नाही, दुभंगत नाही. पेशीत शिरल्यावर त्याचे सुटे भाग त्या पेशीकडून बनवले जातात आणि जुळून पूर्ण विषाणू तयार होतात. त्याला ‘वाढ’ म्हणणे खरोखर चूक आहे, तिथे ‘गुणन’च लिहावे. प्लेटवरच्या पोषक माध्यमात विषाणू उगवत नाहीत ते याचमुळे.

तेव्हा तो अहवाल मला मराठीत लिहायला सांगितला तर मी लिहीन: ‘48 तासांत या नमुन्यातून जीवाणू उगवले नाहीत.’ तासांचा आकडा अहवालात जो असेल तो, पण तो वाक्यात हवाच.