पावसाळ्यात घरी मुलं: सुरुवात एका बरणीपासून

ताई, पावसाळ्यात घरी असलेल्या मुलीला काय करायला द्यायचं असं विचारलंत ना, तर पहिल्याच आठवड्यात भिंतीवर वेळापत्रक लावू नका. मी लावलं होतं. तिसऱ्या दिवशी लेकीने वहीच कपाटाखाली ढकलली.

सपाट बुडाची, सरळ उभ्या कडांची एक बरणी घ्या आणि अंगणात किंवा गच्चीत उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी लावून पाणी किती मिलिमीटर ते मुलीने मोजायचं, लिहायचं, बरणी रिकामी करायची. हवामान खातंही 24 तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं, त्यामुळे पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतं. आकडे बहुतेक जुळणार नाहीत. तिथे तुम्ही गप्प राहायचं, हे सगळ्यात अवघड! माझ्या लेकीने दोन दिवस डोकं खाजवलं आणि बरणी पत्र्यापासून चार हात लांब नेली. पागोळी आत पडत होती, तिचं तिनेच शोधलं.

बाकी एवढंच:
- महागडे संच नकोत. रद्दी, खळ, दोरा, कात्री तिच्या हाताला लागेल असं ठेवा.
- "कंटाळा आला" म्हटल्याबरोबर मोबाइल देऊ नका. अर्धा तास जाऊ द्या.

आलेख-बिलेख पुढे बघू. पंधरा दिवस फक्त बरणी. फरशी ओली होईल, होऊ दे.