आजीनं ठेवलेली दोन तासं

प्रिय मनू,

परवा रात्री तू विचारलंस आणि मी 'उद्या सांगतो' म्हणून दिवा मालवला. त्यानंतर दोन 'उद्या' होऊन गेले. शनिवारच्या मराठी वर्गामुळे आता तुला जोडाक्षरंही वाचता येतात, म्हणून लिहूनच देतो. अडलं तर आईला विचार, पण आधी स्वतः लावून बघ.

तुझे प्रश्न मी कागदावर उतरवून ठेवलेत, म्हणजे मला पळता येणार नाही. गावी ज्वारीची काढणी चालली होती, तेव्हा आजीला बांधाकडची न काढलेली ज्वारी दिसली नाही का? त्या बायका रानात पडलेली कणसं उचलत होत्या, तेव्हा आजी त्यांना काहीच का बोलली नाही, उलट शेताकडे पाठ करून लिंबाखाली का जाऊन बसली? आणि तू अर्धी भाकर ताटात टाकलीस तेव्हा तीच आजी एवढी का ओरडली? शेवटचा प्रश्न तू पांघरुणातून पुटपुटलीस: 'इज इट अ मराठी थिंग ऑर अ ख्रिश्चन थिंग?' मला सगळ्यात जड तोच गेला.

आधी सोपं. ज्वारी दिसली होती. आजी गड्याला म्हणाली, 'कडंची दोन तासं राहू दे,' आणि तू मनगटावरचं घड्याळ बघितलंस. मला हसू आलं, पण सांगायचं राहून गेलं. तास म्हणजे पेरलेल्या पिकाची ओळ. दोन तास नव्हे, दोन तासं.

रब्बीची ज्वारी आपल्याकडे बहुतेक उपटतात, मुळासकट. मग ती रानात आडवी पाडून ठेवतात, वाळली की कणसं मोडतात आणि कडब्याच्या पेंढ्या बांधतात. या सगळ्यात काही कणसं गळतात, काही पाल्याखाली दडतात, एखादं पेंढीतच राहतं. मालकानं आपलं पीक उचलून नेल्यावर रानात जे उरतं, त्याला सरवा म्हणतात. सरवा वेचणं हे पूर्वी खेड्यात एक कामच होतं. कुणाचं, ते तूच ओळख. ज्याला स्वतःचं शेत नाही त्याचं.

आता तुझ्या संडे स्कूलमधली रूथ आठव. तू रंगवलेल्या चित्रात ती छान केस सोडून गव्हाच्या लोंब्या घेऊन उभी होती. गहू नव्हता तो, जव होता, आणि ती काही हौसेनं शेतात गेली नव्हती. नवरा मेलेला, सासू नामी म्हातारी, घरात दाणा नाही, आणि त्यात ती मवाबी, म्हणजे बेथलेहेमात परकी. मराठी पवित्र शास्त्रात रूथ सासूला म्हणते की मला शेतात जाऊन सरवा वेचू द्या. शब्द तोच आहे, सरवा. भाषांतर करणाऱ्यांना तो घडवावा लागला नाही. आपल्या रानांत तो पडलेलाच होता, त्यांनी उचलला.

रूथला दुसऱ्याच्या शेतात जाता आलं, कारण मोशेच्या नियमशास्त्रात तशी सोय होती. शेताच्या कडेचं पीक शेवटच्या काडीपर्यंत कापू नका, सरवा स्वतः वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, असं लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, म्हणजे इंग्रजीतल्या ड्युटेरॉनॉमीत, आणखी एक गंमत आहे: शेतात एखादी पेंढी विसरलात तर ती आणायला मागे फिरू नका. किती बारीक विचार आहे बघ. आपण विसरलेलंसुद्धा आपलं उरत नाही.

पुढे यहुदी धर्मगुरूंनी हिशेबही घालून दिला, कड सोडायची ती निदान साठाव्या भागाएवढी. आजीनं हे कधी वाचलेलं नाही. तिच्या अडीच एकरांत तासं किती आणि सोडली किती, याचा हिशेब मी परतताना विमानात मांडून पाहिला, पण झोप लागली.

आपण ज्या देशात राहतो तिथलीही एक गोष्ट सांगतो. इंग्लंडच्या खेड्यांतल्या गरीब बायका शतकानुशतकं सरवा वेचत होत्या. काही गावांत तर सकाळी चर्चची घंटा वाजली की वेचायला सुरुवात करायची, म्हणजे दांडग्यांनी आधी येऊन सगळं लंपास करू नये. १७८८ साली सफोकमधल्या टिमवर्थ गावच्या मेरी हॉटन नावाच्या बाईचा खटला लंडनच्या न्यायालयात गेला आणि न्यायाधीशांनी बहुमतानं ठरवलं की सरवा हा गरिबांचा हक्क नाही, मालकाची मर्जी आहे. न्यायालयात मोशेच्या नियमाचा दाखलाही निघाला होता, पण तो चालला नाही. तरी बायका पुढची कित्येक वर्षं वेचतच राहिल्या. तुमच्या शाळेत हार्वेस्ट फेस्टिव्हलला आपण जे डबे देतो, ते याच घराण्यातलं आहे. फरक एवढाच की आपण कपाटात मागे पडलेला, कुणी न खाणारा डबा शोधून देतो. मीच देतो, तुला नाही बोलत.

हक्क की मर्जी, हा वाद मला पुस्तकातला वाटत नाही, कारण तो आपल्या घरातला आहे.

आपली माणसं गावकुसाबाहेर, महारवाड्यात राहायची. गावाची पडेल ती कामं करायची, मेलेलं ढोर ओढायचं, निरोप घेऊन दुसऱ्या गावी चालत जायचं, आणि त्या बदल्यात सुगीला खळ्यावर जे मिळेल ते पदरात घ्यायचं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर नगर जिल्ह्यातल्या अशा पुष्कळ घरांनी बाप्तिस्मा घेतला, त्यात तुझे खापरपणजोबाही होते असं घरात सांगतात. म्हणून आपण ख्रिस्ती. पण बाप्तिस्मा झाला म्हणून कुणी जमीन दिली नाही. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, जन्मभर दुसऱ्याच्या रानात सरवा वेचत राहिली.

ही पुढची गोष्ट तुझ्या आजीनं मला एकदाच सांगितली, मी कॉलेजला निघालो त्या दिवशी. ती नवी नवरी होती. सासू-सुना एका शेतात सरवा वेचत होत्या. मालक आला आणि म्हणाला, तुम्ही उभ्या पिकातली कणसं मोडलीत. पणजी नाही म्हणाली. त्यानं तिला सगळ्यांसमोर ओटी झाडायला लावली. ओटी म्हणजे लुगड्याचा पुढचा भाग खोचून केलेली झोळी, दाणे ठेवायची. पणजीनं ओटी सोडली, मातीसकट सगळी कणसं खाली पडली, आणि तो पायानं ती उलटीपालटी करून बघत राहिला. देठ वाळलेले होते, म्हणजे गळलेलीच कणसं होती. मग म्हणाला, घे उचलून. पणजीनं उचलली. घरात लेकरं होती, तिला उचलावीच लागली.

तुझी आजी तेव्हा सोळा वर्षांची होती. काही बोलली नाही. पुढे आजोबा शाळेत शिपाई लागले आणि एकेक तुकडा करत अडीच एकर जिरायत घेतलं. कॅनॉलचं पाणी आजही तिथपर्यंत येत नाही. पहिली ज्वारी आली त्या वर्षापासून कडेची दोन तासं राहतात. शेजारच्या बांधावरचे लोक आधी हसायचे. ही म्हणायची, 'माझ्या सासूची आहेत.'

आता रूथकडे परत ये. त्या शेताच्या मालकानं, बवाजानं, तिला नुसतं वेचू दिलं नाही. त्यानं गड्यांना सांगितलं की ती पेंढ्यांच्या मधून वेचू लागली तरी तिला लाजवू नका, आणि मुद्दाम पेंढ्यांतलं थोडं उपसून तिच्यासाठी टाकत जा. संध्याकाळी तिनं झोडपलं तर एफाभर जव निघाले, म्हणजे आपली मोठी बादली शिगोशीग. पुढे एके पहाटे त्यानं तिला अंगावरचं वस्त्र पसरायला सांगितलं आणि सहा मापं जव त्यात ओतले. माझ्या आजीला ओटी सोडायला लावली तसंच ते, फक्त उलट दिशेनं. मराठीत याला ओटी भरणं म्हणतात. हे कधी प्रवचनात ऐकलं नाही मी. एकदा रात्री तुझ्यासाठी तो अध्याय वाचत होतो, तू झोपलीस आणि मी तिथंच थांबलो.

मघाशी शिगोशीग लिहिलं, ते तुला कळलं नसणार. फडताळात आजीची पितळी अधोली आहे ना, जिच्यात तू पेन्सिली ठेवल्या होत्यास? ते धान्य मोजायचं माप. काठापर्यंत भरून वर आणखी ढीग केला की त्या ढिगाला शीग म्हणतात. मजुरी धान्यात द्यायचे तेव्हा काही मालक मापावरून हात फिरवून ते सपाट करायचे. शीग गेली की घरी एक भाकर कमी. लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो की द्या म्हणजे तुम्हांला दिले जाईल, चांगले माप दाबून, हालवून व शीग भरून तुमच्या पदरी घालतील. इंग्रजीत हे वाचताना मला कधी काही दिसलं नाही. मराठीत वाचलं की पितळी अधोली दिसते आणि पदर पसरून उभी राहिलेली पणजी दिसते.

तुझ्या सिरियलचं खोकं अर्धं रिकामं निघालं म्हणून तू चिडली होतीस, आठवतं? खोक्यावर लिहिलं होतं की वाहतुकीत माल खाली बसतो. येशू सांगतो तो दुकानदार आधीच माप हालवून माल खाली बसवतो, मोकळ्या जागेत आणखी भरतो आणि वर शीग करतो. धंदा कसा चालायचा त्याचा, हे मला विचारू नकोस.

अर्ध्या भाकरीचं थोडक्यात सांगतो, कारण ओरडा मलाही बसला होता. प्रार्थनेत तू इथं 'डेली ब्रेड' म्हणतेस, आजी म्हणते, 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.' ती भाकर म्हणजे तिनं थापलेली, चुलीवर फुगलेली, तीच. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घालतात ना, त्याही जवाच्या भाकरीच आहेत. सगळे पोटभर जेवल्यावर येशू शिष्यांना म्हणतो, उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ नये. बारा टोपल्या भरल्या. ज्याला नसत्यातून एवढं करता येतं, त्यानं तुकडे कशाला वेचावेत? पण वेचायला लावले. रानात दोन तासं सोडणारी बाई ताटातल्या अर्ध्या भाकरीवरून ओरडते, यात मला विसंगती दिसत नाही. रानातलं कुणीतरी नेणार असतं. तू टाकलेली ती कुत्र्यानंही हुंगून सोडली.

त्या दिवशी वेचायला आलेल्या बायका कोण होत्या, हेही सांगायला हवं. पलीकडे ऊसतोड चालू होती. बीडकडून आलेली कुटुंबं उसाच्या पाचटाच्या कोप्या करून राहतात, धडधाकट माणसं पहाटेच फडात जातात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आणि तुझ्या वयाच्या दोन पोरी, त्या आल्या होत्या. त्यांचा धर्म आजीनं विचारला नाही, गाव मात्र विचारलं. पाऊस कसा झाला तेही. तिकडचा दुष्काळ तिला पाठ आहे. नामीचं घरही दुष्काळानंच हललं होतं.

आता तुझा जड प्रश्न. आपलं गाव नेवासे तालुक्यातलं, जिथं १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. शेजारचे माळकरी आप्पाही एक कोपरा पाखरांसाठी ठेवतात आणि त्याला कुणाच्या शास्त्राचा आधार शोधत नाहीत. तेव्हा सरवा मराठीच आहे, आपल्याआधीपासूनचा. पण गावानं तो आपल्या माणसांना भीक म्हणून दिला, हेही मराठीच आहे, ते झाकून चालणार नाही. तो वेचणाऱ्याचा वाटा आहे, मालकाचा उपकार नाही, हे पणजीला शास्त्रातून कळलं. अनुवादात त्या आज्ञेचं कारणही दिलंय: तुम्ही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होता याची आठवण ठेवा. आजीला मिसर कुठं आहे ते माहीत नाही. पण दास म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

आणि पाठ करून बसणं? ते मला कुठल्या अध्यायात सापडलं नाही, आणि गावात दुसरं कुणी करतानाही दिसलं नाही. ते बहुतेक नुसतं आजीचं आहे. वेचणाऱ्या बाईच्या ओटीकडे कुणी बघत नसावं, एवढंच तिला हवं असतं.

काल फोनवर मी तिला विचारलं, मनू विचारतेय, तुला ज्वारी दिसली नव्हती का? म्हणाली, 'दिसली की! मोतीबिंदू काढलाय माझा. तिला म्हणावं, पुढच्या खेपेला ये, लिंबाखाली बस माझ्यापाशी, पर मान वळवून बघायचं न्हाई.' तू वळून वळून बघत होतीस, तेही तिला दिसलं होतं.

मे महिन्यात चुलतकाका येतोय, त्याच्या बॅगेत आजी पाच किलो पीठ पाठवतेय. नव्या ज्वारीचं. भाकरी मी थापणार आहे, तेव्हा त्या गोल नसतील. तरीही अर्धी टाकलीस तर मी ओरडणार नाही, आजीला व्हिडिओ कॉल लावीन.

तुझा,
बाबा